सागरशाक: इतिहास, गुणधर्म आणि आमची गल्ली

भुकेल्या माणसाला अन्न देणं हा राज्यकारभाराचा सर्वांत मागासलेला प्रकार आहे. अन्न दिलं की माणूस ते खातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकेला होतो; म्हणजे केलेलं काम पाण्यात. सुधारलेल्या राज्यात भुकेल्याला माहिती देतात. माहिती एकदा दिली की पुन्हा द्यावी लागत नाही. तिला कोठार लागत नाही, उंदीर तिला शिवत नाहीत, आणि ती देणाऱ्याच्या गळ्यात हार घालता येतो. (तांदूळ वाटणाऱ्याला हार घातल्याचं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही. त्याला शिव्या घालतात, कारण त्याचं माप कमी भरतं. माहितीचं माप कधीच कमी भरत नाही.)

हे तत्त्व ध्यानात ठेवलं म्हणजे सन १९४३ साली बेळगावला लागून असलेल्या आमच्या वडगावच्या विणकरांना समुद्रातलं शेवाळ खायला का देण्यात आलं, हे समजायला अडचण पडणार नाही.

आधी इतिहास. शेवाळाचा इतिहास फार जुना आहे, कारण हजारो वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. जपानात म्हणे एका खाणावळवाल्यानं शेवाळाची उरलेली खीर थंडीत बाहेर फेकली. ती गोठली, वाळली, आणि तिचं पुन्हा खाण्याजोगं काहीतरी झालं. असा शोध लागला. उरलेलं बाहेर आम्हीही फेकतो, पण आमच्याकडे कुत्री जास्त असल्यामुळं शोध लागत नाहीत. बेळगावला समुद्र नाही, तो घाटाखाली आहे. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या समुद्राला लागून राहिले, मासे खाल्ले, तिसऱ्या खाल्ल्या, खेकड्याचा पाय न् पाय चोखला, पण शेवाळ खाल्लं नाही. यावरून कोकणी माणूस अडाणी आहे असा निष्कर्ष मंडळानं काढला. उलटा निष्कर्षही काढता आला असता, पण त्यासाठी मंडळ काढायची गरज पडली नसती.

मंडळ म्हणजे समुद्रान्न प्रसारक मंडळ. कचेरी खडेबाजारात, गुळाच्या दुकानावरच्या माडीत. चिटणीस अप्पासाहेब. हे जंगल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळं झाडपाल्याचा त्यांना दांडगा अनुभव. समुद्र त्यांनी एकदाच, वेंगुर्ल्याला, लांबून पाहिला होता, आणि तेवढ्यात त्यांना त्यात वाया चाललेलं अन्न दिसलं. शेवाळ हे नाव ऐकून लोक नाक मुरडतात म्हणून त्यांनी त्याचं नाव 'सागरशाक' ठेवलं. अर्धं काम इथंच झालं. (उरलेलं अर्धं काम म्हणजे ते गिळणं. ते लोकांनी करायचं होतं.)

त्या दिवसांत ब्रह्मदेश जपान्यानं घेतला होता आणि तिकडचा तांदूळ बंद झाला होता. यावर अप्पासाहेबांनी माडीवर जे व्याख्यान दिलं, त्यातली तर्कशुद्धता मी आजवर दुसरीकडं पाहिलेली नाही. ते म्हणाले, "आपला तांदूळ कुणी अडवला? जपान्यानं. जपानी काय खातो? समुद्रातलं शेवाळ. अर्थात शेवाळात तांदूळ अडवण्याची शक्ती आहे. ती शक्ती आपल्यात आली म्हणजे तांदळाची गरजच उरणार नाही." टाळ्या फार पडल्या. व्याख्यानानंतर सभासदांना फोडणीचे पोहे होते.

सागरशाकाचे गुणधर्म मंडळानं पत्रकावर छापले होते. लोकांच्या हितासाठी इथं देतो.

रक्त शुद्ध होतं. (अशुद्ध रक्त म्हणजे काय ते छापलं नव्हतं, पण आपलं असणार, असं वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटलं.)

गलगंड होत नाही. (हे खरं असल्याचं एक डॉक्टर म्हणाले. आमच्या गल्लीत गलगंड कुणालाच नव्हता, त्यामुळं शंभर टक्के लोकांना गुण आला.)

बुद्धी तल्लख होते. (हे कलम लक्षात ठेवा. पुढं याच्यावरच सगळं उलटलं.)

भूक मंदावते. (पोट भरल्यानंही मंदावते आणि आजारपणानंही मंदावते. इतका बारीक भेद करत बसायला युद्धकाळात वेळ कुणाला असतो?)

उपासाला चालतं. (सर्वांत उपयोगी कलम. त्या साली उपास रोजच होते.)

आता आमची गल्ली. दोन्ही बाजूंना हातमागांची घरं, मधे रस्ता. रस्ता जाण्यायेण्यासाठी असतो असा कचेरीतल्या लोकांचा समज आहे. आमच्याकडे तो ताणा पसरण्यासाठी असतो. ताणा म्हणजे लुगड्याचं उभं सूत. ते मागावर चढवायच्या आधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर आडवं सूत नेणारा धोटा दोन फेऱ्या मारेपर्यंत उभं सूत तटातट तुटतं. खळ म्हणजे तांदळाच्या कण्यांची घट्ट पेज. ती मोठ्या कुंच्यानं सुतावर ओढायची, उन्हात वाळवायची, मग माग सुरू.

या पेजेचा एक रिवाज आहे. भांडं चुलीवरून उतरलं की पहिला मान ताण्याचा. ताण्याला पाजल्याशिवाय घरातल्या कुणी पेजेला तोंड लावायचं नाही. उरली तर माणसांनी खायची. बायाक्काचा नवरा शेवटच्या दुखण्यात पेज मागत होता, तेव्हा बाहेर ताणा पसरलेला होता. त्यानं स्वतःच हात हलवून 'आधी त्याला' अशी खूण केली म्हणतात. (तो गेला. लुगडं मात्र फार सुरेख निघालं.)

शहाण्यासुरत्यांना हा रिवाज रानटी वाटेल. वाटू द्या. माग उपाशी राहिला तर घर उपाशी राहतं, हे ज्यांच्या घरात माग नाही त्यांना समजावत बसायला मी मोकळा नाही.

तर रेशन सुरू झालं, त्याच्या कमिटीवर मंडळाचेच लोक बसले, आणि तांदूळ माणशी मिळायला लागला. सुताला तोंड नसतं, म्हणून त्याचं नाव कार्डावर चढलं नाही. शिवाय दुकानावर पाटी लागली की, धान्य खाण्याखेरीज इतर कामी वापरणं हा गुन्हा आहे. म्हणजे घरात येणार तांदूळ मूठभर, त्यावर हक्क सांगणारे दोघं, एक माणूस आणि एक ताणा, आणि ताण्याला द्याल तर तुरुंग. गल्लीनं यावर विचार केला आणि पूर्वीसारखंच ताण्याला पाजायला सुरुवात केली, फक्त आता दार लोटून पेज शिजवायची आणि 'ही साधी माती हाय' अशा चेहऱ्यानं बाहेर न्यायची.

सगळ्यांत मोठी अडचण बायाक्काच्या घरी होती. मुलगा अंबाजी मागावर. सून अंजनी, तिला सातवा महिना. पहिल्या खेपेचं मूल तिच्या अंगात रक्त नाही म्हणून वाचलं नव्हतं. वैद्यानं नाडी बघून सांगितलं, "हिला दोन वेळ भात आणि दूध." दूध म्हटल्यावर बायाक्काला हसू आलं. भातावरून मात्र तिचं त्या दिवसापासून ताण्याशी भांडण लागलं. जन्मभर ज्याला पहिला मान दिला, त्याच्याकडं ती सवतीकडं बघावं तसं बघायला लागली.

"आये, आज खळ न्हाय दिली तर सूत तुटतंय बघ," अंबाजी म्हणायचा.

"आनि हिला न्हाय दिली तर?"

"माझं ऱ्हाऊ द्या की," अंजनी कोपऱ्यातून म्हणायची. "मी भाकरीचा तुकडा खाल्लोय."

"तू गप गं. तू खाल्लीस. तुझ्या पोटातल्यानं कुठं खाल्लंय?"

असा रोज तंटा, आणि रोज निकाल ताण्याच्या बाजूनं. अशा वेळी सागरशाकाची गाडी आमच्या गल्लीत आली.

अप्पासाहेब स्वतः आले होते. बरोबर मंडळाचा शिपाई सुबराव आणि वाळलेल्या शेवाळाची पोती. पोत्याचं तोंड सोडताच गल्लीतली झाडून सगळी मांजरं बाहेर आली, आणि माणसं आत गेली. अप्पासाहेबांनी आठवडाभर पुरेल एवढा वाटा प्रत्येक घराला फुकट दिला आणि तिथल्या तिथं एक पातेलं शिजवून सगळ्यांना एकेक घास चाखायला लावला. आमच्या भागात होकार मराठीत देतात आणि नकार कानडीत, कारण तोंडात घास असला तरी कानडी शब्द लवकर बाहेर पडतो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द उठला: "साकू! साकू!" म्हणजे पुरे, पुरे. पोट एका घासात भरल्याची ही ग्वाही सुबरावनं तिथंच टिपून घेतली.

बायाक्कानं आपला वाटा घरी नेला. फुकट मिळालेली वस्तू टाकायची तिला सवय नव्हती. पत्रकात सांगितल्याप्रमाणं उकळलं, कुणी तोंड लावेना म्हणून तसंच चुलीशेजारी ठेवलं आणि विसरली. सकाळी बघते तर पातेल्यात पळी उभी. हलवली तर पातेलं हललं, पळी नाही.

"अगं बया! हे पोटात गेलं असतं तर मानूस उभ्यानंच वाळलं असतं," ती म्हणाली.

अंबाजी मागावरून उठून आला. विणकराच्या जातीला एक खोड असते. कुठलीही ओली वस्तू दिसली की तो ती आधी जिभेवर ठेवत नाही, अंगठा आणि बोटात घेऊन चोळतो आणि ताणून बघतो. वरण असो, मध असो, सोयऱ्याच्या घरची खीर असो. (यावरून लग्नं मोडल्याची उदाहरणं आहेत.) अंबाजीनं शेवाळ बोटात घेतलं, चोळलं, ताणलं. मग परत चोळलं. तोंडावर असा भाव आला, जसा दुसऱ्या कुणाच्या तोंडावर देव दिसल्यावर येत असेल.

"आये," तो हळूच म्हणाला, "ही खळ हाय."

त्या दिवशी ताण्याला शेवाळ मिळालं आणि अंजनीला भात. रिवाज मोडला नाही. पहिला मान ताण्याचाच राहिला. दोन दिवसांत सगळ्या गल्लीनं हाच क्रम धरला. सूत तुटेना. लुगड्याला अशी तकाकी आली की शहापूरचे नावाजलेले विणकर बघायला येऊ लागले. आणि घराघरातून भाताचा वास यायला लागला. (थोडा समुद्राचाही यायचा, पण तो बाहेरच्या बाजूनं.)

पंधरवड्यानं सुबराव पाहणीला आला. या पाहणीबद्दल पुढं फार बोललं गेलं, म्हणून सांगतो: आमच्या गल्लीत एकही माणूस एकही शब्द खोटं बोललेला नाही.

"सागरशाक संपलं काय, बायाक्का?"

"संपलं की. अजून आना."

"कसं काय वाटलं?"

"लई चिकट, अण्णा. पर कामाला बेस हाय. पयल्यांदा असं न्हवतं, आता अंबाजी दिवसभर मागावरनं उठत न्हाय."

"काय तरास?"

"ऊन न्हाय लागलं तर तरास. ओलं ऱ्हातंय, वास मारतंय."

सुबरावनं लिहिलं: 'सेवनानंतर उन्हात बसल्यास विशेष गुणकारी.' हे कलम पुढच्या पत्रकात सहावं म्हणून छापलं गेलं, आणि त्या उन्हाळ्यात खडेबाजारातले दोन पेन्शनर चक्कर येऊन पडले.

मंडळाच्या अहवालातले आकडे असे होते: आमच्या गल्लीत सागरशाक संपण्याचं प्रमाण शंभर टक्के. अनगोळात बारा टक्के. बेळगुंदीत चार टक्के. (ते चार टक्के म्हैस होती, आणि तिनंही पुन्हा खाल्लं नाही.) मंडळाच्या सभासदांच्या घरचं प्रमाण अहवालात नव्हतं, कारण अभ्यास करणाऱ्यानं अलिप्त राहावं असा शास्त्राचा नियम आहे. गल्लीतल्या पोरांची गालफडं भरून आली होती. म्हाताऱ्यांचे आवाज चढले होते. आणि अंजनीला मुलगा झाला, असा टणक, की सुईण म्हणाली, "बाई, हे पोर न्हवं, जोंधळ्याचं पोतं." नाव भरमा ठेवलं. अप्पासाहेबांनी 'सागर' सुचवलं होतं. त्यांनी शेवाळाचा हार करून पोराच्या गळ्यात घातला आणि फोटो काढवला. फोटोत भरमा, हार आणि तीन मांजरं आहेत.

मांजरांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. बेळगुंदीला एका लग्नात नवरी आमच्या गल्लीचं लुगडं नेसून उभी राहिली. अंतरपाट धरला आणि मंगलाष्टकं सुरू झाली, तोवर गावातली मांजरं तिच्या पायाशी ओळीनं येऊन बसली. भटजींची दोन कडवी चुकली. तक्रार व्यापाऱ्याकडं आली. व्यापारी म्हणाला, "मांजर कुठं येतंय? जिथं दूधदुभतं येणार असतंय तिथं. मुद्दाम तसं सूत घातलंय." पुढच्या हंगामात 'मांजराचं लुगडं' म्हणून लोक मागून नेऊ लागले. धर्म, व्यापार आणि विज्ञान यांचा इतका सुंदर मेळ मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

इथं ही गोष्ट संपली असती तर देश सुखी झाला असता. पण चांगल्या कामाचं फळ मिळाल्याशिवाय राहत नाही. मंडळानं अहवाल वर पाठवला आणि वरून विचारणा आली: ज्या गल्लीत सागरशाकावर माणसं इतकी माजली आहेत, तिथं तांदूळ कशाला वाया घालवता? मंडळाला हे पटलं. ठरलं असं की, पुढच्या महिन्यापासून आमच्या गल्लीचा तांदूळ पूर्ण बंद, सागरशाक दुप्पट, आणि वाचलेला तांदूळ खडेबाजारातल्या सुशिक्षित वर्गाला, 'ज्यांस सागरशाकाचा लाभ अद्याप मिळालेला नाही' म्हणून. शिवाय आदर्श गल्ली म्हणून आमचा जाहीर सत्कार.

सुबराव ही आनंदाची बातमी घेऊन आला. अंजनी पोराला पाजत बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि सासूकडं बघितलं. भात बंद म्हणजे दूध बंद, आणि पोर दोन महिन्यांचं.

गल्लीतले पुरुष मारुतीच्या कट्ट्यावर जमले. अंबाजी म्हणाला, "सरळ जाऊन सांगू या. आमी खाल्लं न्हाय, सुताला घातलं."

"सांग की," बायाक्का म्हणाली. ती कट्ट्याखाली उभी होती. "सरकारनं खायला दिलेलं सुताला घातलं म्हणून आधी तुला धरत्यात, मग सगळ्या गल्लीला. शेवाळबी बंद. मग ताण्याला काय घालतोस, तुझं टक्कल?"

"मग काय, गप बसून शेवाळ खायाचं?"

"गप कशाला बसतोस? खरं बोलायचं न्हाय, खोटंबी बोलायचं न्हाय."

"मग उरतंय काय, आये?"

"स्तुती," बायाक्का म्हणाली. "सत्कार हाय न्हवं? मी बोलतो." (आमच्याकडच्या बायका 'बोलतो' म्हणतात. शुद्ध बोलणाऱ्यांनी कान झाकावेत.)

सत्काराला मांडव घातला. पुढच्या खुर्च्यांवर वकील, मास्तर, कारकून आणि कचेरीतले दोन साहेब. मागं आम्ही. अप्पासाहेबांचं भाषण झालं, जपानी आला, शक्ती आली, टाळ्या झाल्या. मग आदर्श गृहिणी म्हणून बायाक्काला पुढं बोलावलं. ती भरमाला काखेत घेऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, आवाज असा, की वरातीतले ताशेवाले थांबावेत.

"अप्पासाहेब," ती म्हणाली, "तुमचं उपकार कसं फेडू? तुमी कागदावर छापलासा तसंच समदं झालंय. बुद्धी तल्लख हुते म्हणलासा. झाली की! ह्ये पोरगं बघा. परवा रडता रडता मधीच थांबलं आनि तुमच्या छापील कागदाकडं टक लावून बसलं. आमच्या सात पिढ्यांत कागदाकडं असं कुणी बघितलं न्हवतं."

पुढच्या खुर्च्यांवरचे वकील जरा सरकून बसले. आपल्या पोरांना मॅट्रिक होता होता तीन तीन खेपा लागतात, हे त्यांना नेमकं तेव्हा आठवलं.

"पर मला भ्या वाटूलालंय, साहेब. अंबाजी माझा खाली मान घालून काम करनारा पोरगा. आता मागावर बसल्या बसल्या इच्यार करतोय. काल मला म्हणाला, 'आये, माणशी रेशन हाय तर साहेबाचं मानूस आपल्यापरीस मोठं असतंय काय?' शेजारचा रवळू म्हणाला, 'आपल्या गल्लीतनं एक मानूस कमिटीत का नसावा?' आता तुमी शेवाळ दुप्पट करनार म्हणं. म्हंजे दुप्पट इच्यार. आमी आडाणी मानसं, एवढी बुद्धी ठेवायची कुठं?"

कचेरीतल्या दोन साहेबांनी एकमेकांकडं बघितलं.

"त्यापरीस आमाला आपला भातच बरा," बायाक्का म्हणाली. "भात खाल्ला की डोकं जड हुतंय. मानूस गप पडून ऱ्हातंय. आनि एवढं अमृत आमी खायाचं, तुमी शिकल्या-सवरल्यांनी कोरडा भात गिळायचा, ह्ये पाप आमच्या गल्लीला सोसत न्हाय." एवढं बोलून तिनं भरमाला अप्पासाहेबांच्या मांडीवर ठेवलं. त्यानं त्यांच्या हातातलं भाषण ओढून तोंडात घातलं. (बुद्धीचा आणखी एक पुरावा.)

त्याच आठवड्यात माडीवर तातडीची सभा झाली. ठराव आमच्या गल्लीतल्या कित्येकांना अजून तोंडपाठ आहे:

(अ) सागरशाकाच्या सेवनाने श्रमजीवी वर्गात अनावश्यक विचार उत्पन्न होत असल्याचे दिसून आल्यावरून, सदर वर्गास त्याचा पुरवठा तात्काळ बंद करण्यात यावा.

(आ) सदर अन्न ज्यांना बुद्धीची सवय आहे अशाच वर्गास, शिक्षणाच्या प्रमाणात देण्यात यावे: मॅट्रिक झालेल्यास एक वाटा, बी.ए. झालेल्यास दोन, वकिलास तीन. तेवढ्या प्रमाणात त्यांचा तांदूळ कमी करण्यात यावा.

(इ) सदर गल्लीतील रहिवाशांची बुद्धी पूर्वपदावर आणण्यासाठी त्यांना तांदूळ दीडपट देण्यात यावा.

ठराव एकमतानं झाला. विणकरांनी विचार करू नये म्हणून त्यांना पोटभर जेवू घालणारं सरकार हिंदुस्थानच्या इतिहासात तेवढं एकच. एरवी सरकारं याच हेतूसाठी उपाशी ठेवतात.

खडेबाजारात सागरशाकाची रांग लागली. वकिलांनी तीन वाटे नेले आणि शेजाऱ्याला दिसतील असे हातात धरून नेले. मॅट्रिक नापास झालेल्यांनी अर्ज केले. घरोघरी पातेली चढली. पहिला घास तोंडात गेला, आणि मग, इथं माझी शिकलेल्या माणसाबद्दलची भक्ती दसपट होते, एकानंही 'साकू' म्हटलं नाही. कसं म्हणणार? गिळवत नाही म्हटलं की आपली बुद्धी कमी पडली असं ठरतं. ज्यानं त्यानं दुसऱ्याला सांगितलं, "मला तर चांगलाच फरक जाणवतोय." एका वकिलानं एक खटला जिंकला आणि त्याचं श्रेय सागरशाकाला दिलं. (समोरचा वकीलही तेच खात होता. तो हरला, पण त्यानं तीनच वाटे मिळतात अशी तक्रार केली.)

आता घरात साठलेल्या पोत्यांचं काय करायचं? बाहेर टाकावं तर मांजरं जमतात आणि शेजाऱ्याला कळतं. आठ दिवसांत एका संध्याकाळी वकिलांच्या घरची मोलकरीण मालुबाई पदराखाली पिशवी घेऊन आमच्या गल्लीत आली.

"बायाक्का, बाईसाहेब म्हणाल्या टाकून ये. पर कुठं टाकलंस ते कुणाला सांगू नकोस म्हणाल्या."

"ठेव तिथं," बायाक्का म्हणाली. "आनि बाईसाहेबांना सांग, पायजे तेवढं आमी टाकून देतो. गरिबाला तेवढीच सेवा."

पुढच्या आठवड्यात मास्तरांची पिशवी आली. मग कारकुनांची. मग सुबराव एक पोतं पाठीवर घेऊन आला आणि ते कुणाकडचं हे त्यानं सांगितलं नाही, पण पोत्यावर अप्पासाहेबांचं नाव होतं. ताण्याला खळ मिळत राहिली, अंजनीला भात. आमची लुगडी खडेबाजारात गेली, वकिलांच्या बायकांनी ती नेसली, आणि अशा रीतीनं मंडळाच्या ठरावाप्रमाणं सागरशाक सुशिक्षितांच्या अंगाला अखेर लागलंच.

आता १९४७ साल आहे. साहेब गेला. मंडळ राहिलं. अप्पासाहेबांची पगडी जाऊन टोपी आली, 'समुद्रान्न'च्या आधी 'राष्ट्रीय' आलं, आणि पूर्वी जपान्याचं असलेलं शेवाळ आता आपल्या ऋषिमुनींचं झालं. रेशन अजून आहे. शिक्षणाच्या प्रमाणात वाटेही अजून आहेत, कारण ते बंद करा म्हणणारा शिकलेला माणूस अजून पुढं आलेला नाही. भरमा चार वर्षांचा झाला. कागद दिसला की तो अजूनही खातो.

इथपर्यंत वाचताना तुम्ही हसला असाल. वकिलांना हसला असाल, कारण तुम्ही तसे नाही. पण गुणधर्मांच्या यादीतलं एखादं कलम तुमच्या मनात अडकून बसलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. रक्ताचं असेल, बुद्धीचं असेल. हा मजकूर मी ज्यांना ज्यांना वाचून दाखवला, त्यांनी पोट धरून हसून झाल्यावर शेवटी एकच गोष्ट विचारली आहे, म्हणून तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: खडेबाजार, गुळाच्या दुकानावरची माडी. शिक्षणाचा दाखला बरोबर न्या. पहिला घास घेतल्यावर काय करायचं ते तुम्हाला शिकवायला नको. तुम्ही कुणाला बोलणार नाही. पिशवी आमच्याकडं पाठवून द्या, आम्ही टाकून देऊ. फक्त सकाळच्या वेळी पाठवू नका. सकाळी गल्लीत ताणे पसरलेले असतात, आणि घराघरात आम्ही तुमच्या वाटणीचा भात जेवत असतो.